दुसऱ्या मुलाचं नाव

गेस्के ओल्थोफच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलाचा जबडा मोडला. बंदुकीचा दस्ता बसला, हाड वाजलं आणि मेन्नो कोठारासमोर गुडघ्यांवर आला. त्याच्या गळ्यात दोर होता. गवताचे भारे वर चढवायच्या तुळईवरून दोराचं दुसरं टोक खाली आलं होतं, ते गावातून आलेल्या जमावातल्या तिघांनी धरलं होतं. कुत्र्याला त्यांनी आल्या आल्याच गोळी घातली होती. भर दुपार, मळणीचे दिवस. एकोणीसशे अठराच्या त्या ऑगस्टमध्ये आख्ख्या आयोवात आमच्या बाजूने बोलेल असा एक मायेचा पूत नव्हता. जर्मनीशी लढाई चालू होती आणि आम्ही जर्मन. पन्नास वर्षं इथली जमीन नांगरली, ती गेली चुलीत!

"तेवीस वर्षांचा घोडा!" रॉय कटलर ओरडला. "आमची पोरं तिकडे चिखलात मरतायत आणि हा इथे आईच्या हातचं गिळतोय!"

रॉयचं गावात खिळे-कुदळींचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी ओहायोहून आलो, असं सांगायचा. झेंडा सगळ्यात मोठा त्याच्याच दुकानावर. आता त्याच्या हातात आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतलं फाडलेलं पान होतं. एकवीस पुरी झालेल्या प्रत्येकाने भरतीला नाव द्यायचं, असा कायदा होता, आणि पानावर लिहिलं होतं: मेन्नो ओल्थोफ, गेर्ड आणि गेस्के यांचा मुलगा, जन्म १८९५. वही देत नव्हते म्हणून पाद्रीबाबांची बोटं त्यांनी हातोडीने चेचली होती.

"तो हा नव्हे हो!" गेस्के म्हणाली. "तो थोरला. तो चौदा महिन्यांचा होऊन गेला. हा त्याच्यामागचा, एकोणीसचा आहे. पुढची पानं बघा ना!"

"पुढची पानं जळली," मॅक्गी हसत म्हणाला. मॅक्गी मालाची गाडी हाकायचा. दोर त्याचाच होता. "आम्हीच जाळली."

"मग दगड बघा. कबरीवर दगड आहे माझ्या बाळाचा."

"चल, दाखव," रॉय म्हणाला. "नाही सापडला तर तिथेच झाड बघू."

दफनभूमी शेताला लागूनच. मेन्नोला गळ्यातल्या दोराने गुरासारखं ओढत नेलं. वाटेत तो दोनदा पडला. दोन्ही वेळा त्याला लाथांनी उठवलं. तीसेक माणसं मागे होती. रॉय पान घेऊन पुढे, ओल्थोफांच्या ओळीतला एकेक दगड बघत. "हा आजा, मेन्नो. एकोणसत्तर साली आलेला. ही आजी. हा बाप, गेर्ड, चौदा साली मेला." दगडांवर शेवाळ, अक्षरं जुन्या जर्मन वळणाची. रॉय कुठेही अडला नाही.

ओळीच्या टोकाला गुडघ्याएवढा दगड होता. तो गेर्डने स्वतः छिन्नी धरून घडवला होता. नाव कोरून झालं आणि पुढे त्याचा हात चालेना. मेन्नो, एवढंच.

"साल कुठाय?" रॉयने दगडावर बूट ठेवला. "हा कुठलाही मेन्नो असेल. तुमची निम्मी दफनभूमी मेन्नोच आहे!"

"माझं पोर आहे ते. माझ्या मांडीवर गेलं. बूट काढ."

रॉयने तिच्या कानफटात मारली. ती दगडावरच आदळली, ओठ फुटला. मेन्नो उठायला गेला तसा मॅक्गीने दोर आवळला आणि पोराचा चेहरा काळानिळा झाला.

"कुणाला शेंड्या लावतेस, म्हातारे?" रॉय चांगलाच पेटला होता. "थोरल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं! हा दुसरा असता तर ह्याला तुझ्या बापाचं नाव लागलं असतं! मेन्नो कसा?"

मॅक्गीने दोर जरा सैल सोडला.

"हे काय रे, रॉय?" तो म्हणाला. "कितव्याला कुणाचं नाव, हे तुला कसं ठाऊक?"

मागे कोणीतरी हसलं. त्याला साथ मिळाली नाही.

ही रीत कुठल्या पुस्तकात नाही की शाळेत शिकवत नाहीत. ती आमच्या स्वयंपाकघरांत कळते, नवं पोर आल्यावर दोन्हीकडच्या आज्या नावावरून भांडतात तेव्हा. आणि तिचा उरलेला भाग फक्त पाळणा रिकामा झालेल्या घरांत ठाऊक असतो.

गेस्केने ओठाचं रक्त पुसलं. त्या वर्षी चारचौघांत आमची बोली बोलायला बंदी होती. ती बोलली.

"पहिलं पोर गेलं तर त्याचंच नाव पुढच्याला देतात. आजोबांचं नाव मातीत जाऊ द्यायचं नसतं. तुमच्याकडे तान्हं कोणी गेलं नसेल, म्हणून तुला माहीत नाही."

बाकीच्यांना ओ की ठो कळलं नाही. रॉयची नजर मात्र त्या लहान दगडाकडे वळली आणि बूट आपोआप खाली आला. गेस्केने ते पाहिलं. तिने पोराचा लोंबणारा जबडा पाहिला. रॉयकडे लागलेले तीस जणांचे डोळेही पाहिले. आपण आता काय विचारणार आणि त्याचं काय होणार, हे तिला पक्कं कळत होतं. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं, देव मला काय म्हणायचं ते म्हणो.

शेजारणीच्या पोराला विचारावं तशा मऊ आवाजात, त्याच बोलीत, तिने विचारलं, "तू कितवा रे, बाळा?"

"दुसरा," रॉय म्हणाला. त्याच बोलीत.

रॉयकडे बघत मॅक्गी पुढे झाला. त्याने मेन्नोच्या गळ्यातला दोर काढला, गाठ न सोडता.