पायलीचा दहावा हिस्सा

या माऊली, असे जवळ सरका. पायलीभर तांदळात एका मास्तराचा हेवा कसा मापला गेला, ते सांगतो.

रामनाथ सर वैजयंती मॅडमच्या वर्गाबाहेर उभे होते. आतून पोरं एका सुरात ओरडली, "लाभ, लाभ, रिकामं, लाभ! तेरा!" सरांनी खिडकीतून डोकावलं. लोणीच्या या कॉलेजात वीस वर्षं बायनरी त्यांनीच शिकवलेली. फळाभर शून्य-एक लिहून, पोरांच्या जांभया बघत. ही आहुपे गावची पोरगी मॅडम म्हणून जूनमध्ये आली काय, आणि त्यांचीच पोरं तिच्या खिडकीला लटकायला लागली काय! आता बारावीचा वर्गही तिलाच द्यायचं चाललं होतं.

सर आत शिरले. टेबलावर पितळेची सात जुनी मापं. पायलीपासून निळव्यापर्यंत, प्रत्येकात खालची दोन मावणारी. भरलं माप म्हणजे एक, रिकामं म्हणजे शून्य. धान्य मापताना पहिल्या मापाला आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पोरंही एकाला लाभच म्हणत होती.

"लई सोपं केलंत, मॅडम," सर गोड हसले. "आता पायलीचा बरोबर दहावा हिस्सा मापून दाखवा की!"

मॅडमनी एक चिपटं भरलं, पायलीचा सोळावा हिस्सा. त्याच्या निम्मं एक कोळवं भरलं. शेवटच्या, कोळव्याच्या निम्म्या निळव्याला हात घातला, तसा मागच्या बाकावरचा भरत ओरडला, "नगा मॅडम, जास्त व्हतंय!"

"आणि नाही घेतलं तर?"

"कमी पडतंय!"

"बस्स. फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे संगणकातल्या अपूर्णांकांचा धडा हाच. संगणकाकडं निम्म्याच्या निम्म्याचीच मापं. शून्य पूर्णांक एक दशांश त्याच्याजवळ कधी नेमका बसत नाही. मापं संपली, की तो जवळपास थांबतो."

पोरांनी टाळ्या पिटल्या. सरांचे कान तापले.

"मापच खोटं असंल," म्हणत त्यांनी चिपटं ओढून उपडं केलं. तांदूळ टेबलभर सांडले. बुडावर नाव कोरलेलं होतं: सौ. साळुबाई गेणभाऊ.

सरांची आई.

"सप्ताहाच्या पंगतीसाठी एका दुपारी तुमच्या आई आणि मी तांदूळ मापत होतो," मॅडम हळूच म्हणाल्या. "तेव्हा आजींनी हे निम्म्याचं निम्मं शिकवलं. मापंही दिली. म्हणाल्या, 'आमच्या मास्तरला दावली व्हती, पोरांच्या कामाला येतील म्हनून. तो म्हनला, भंगारात घाल.'"

सर वाकून एकेक दाणा वेचू लागले. चिपटं भरलं, तसं तोंडून आपसूक निघालं, "लाभ." आणि त्यांना पुन्हा हेवा वाटला: आईशेजारी बसून तांदूळ मापलेल्या त्या एका दुपारचा.

माऊली, उद्या भाताला तांदूळ घ्याल, तेव्हा साळुबाईची आठवण असू द्या. तिला अक्षर येत नाही. पण लोणीच्या पोरांना बायनरी तिनंच शिकवली.