बटणाचा बाइट

वीस बाइट होते. सुरुवातीच्या खुणेचा एक, सहा सांध्यांचे बारा, चमच्यावरच्या दाबाचे चार, बटणाचा एक, चूक तपासायचे दोन. एवढं पॅकेट रोबोटचा हात एका वायरीवरून लॅपटॉपला पाठवायचा, सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा. गौरांगला निदान साठ पॅकेटं हवी होती. अठ्ठेचाळीसला चमचा थरथरायचा आणि पेज सांडायची.

सोमवारी डार्मश्टाटमध्ये प्रोफेसरांसमोर डेमो होता. खऱ्या रुग्णावर चाचणी घ्यायला परवानगी लागते, तिला महिने लागतात. बाबा घरातच होते.

रोबोटचा हात स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळलेला. समोर श्यामकांत, गौरांगचे वडील. अर्धांगाच्या झटक्यानंतर मुलाकडे जर्मनीत आलेले, उजवा हात मांडीवर पडलेला. डाव्या हाताने जेवायला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला होता, म्हणून त्या हातात बटण. दाबलं की चमचा थांबायचा. सकाळी त्यांनी ते दर घासाला दाबलं होतं.

"बाबा, आता मध्ये थांबवायचं नाही हं. मला दोन मिनिटं सलग हवीत."

"मग गिळू कधी?"

"आठ सेकंद आहेत ना दोन घासांत."

सुरुवातीचे तीन घास नीट गेले. चमचा जराही थरथरला नाही. चौथ्याला श्यामकांतांनी बटण दाबलं. चमचा आला आणि दातांवर टेकला. त्यांनी तोंड उघडलं. आधीचा घास अजून तोंडातच होता. त्यांनी पुन्हा दाबलं.

"अरे, बाबा दाबतायत," शमिका नवऱ्याला म्हणाली.

"दिसतंय. तो बाइट मी काढलाय. दाबाचे चारही काढले. पंधरावर आणलं, आता चौसष्ट मिळतायत. बघ ना, किती स्मूद जातोय."

"मग बटण दिलंस कशाला त्यांना?"

"हातात काहीतरी असलं की ते शांत बसतात."

श्यामकांतांनी ते ऐकलं. बटण टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा.

"बाबा, रविवारची रूहेत्साइट आहे, शांततेची वेळ," गौरांग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "आवाज केला तर खालची बाई वर येईल."

श्यामकांतांनी बटण खाली ठेवलं. डावा हात उचलून तोंडावर घट्ट धरला. चमचा आला, हाताच्या पाठीवर टेकला, उलटला, मागे गेला. वाडग्यात बुडाला. पुन्हा आला. पेज मनगटावरून बाहीत उतरू लागली.

शमिकाने फडकं उचललं.

"आत्ता नको. मध्ये येशील."

ती थांबली.

दोन मिनिटं पूर्ण झाली. पाठवलेली पॅकेटं सात हजार सहाशे ऐंशी. पोचलेली सात हजार सहाशे ऐंशी.