गौरीच्या दिवशी पडवीत

आत गौरीची आरती सुरू झाली तेव्हा राही पडवीच्या टोकाला गोणपाटावर बसली होती. काल ती डोक्यावरून न्हाली, रात्री लेकीला कुशीत घेऊन झोपली आणि सकाळी पुन्हा डाग. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? पण घरात गणपती बसलेला, तिचंच मन धजेना. तिने सासूला सांगून टाकलं.

"परत?" वेणूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, चार दिस आम्हीबी बाजूला बसलाव. ह्यो महिनाभर कसला? त्या तांबीनं थांबायचं व्हतं ना?"

थांबायचंच होतं. पाळीत इतकं जायचं, की विहिरीपर्यंत चालताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून तर अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी ही हार्मोनची तांबी बसवली. धो धो जाणं थांबलं खरं, पण थेंब थेंब काही थांबेना. छाती दुखते, ऊठसूट रडू येतं, ते वेगळंच.

गणपतीला मुंबईहून आलेला नवरा, कुलदीप, पायरीशी अंतर राखून उभा राहिला. "फोन लागला डॉक्टरांना. अजून काही महिने असंच जाईल म्हणतात. अंगाला सवय व्हायला वेळ लागतो."

"अन् घराला?"

त्याने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "काढून टाकायची का?"

"काढली की पुन्हा पहिल्यासारखं जाईल. मग मला अंथरुणातून उठवणार कोण?"

माणूस वाईट नव्हता बिचारा. पण चांगला असून तरी इथे काय करणार होता? आईने हाक मारली तसा तो आत गेला.

आरती संपली. नव्या फ्रॉकमध्ये तीन वर्षांची तेजस्वी नैवेद्याची पातोळी घेऊन बाहेर आली. महिनाभर ती आईकडे धावायची, आणि शिवली की तिला रडत रडत न्हाणीत नेऊन अंघोळ घातली जायची. आज ती रडत नव्हती. राहीला राहवलं नाही, तिने दोन्ही हात पसरले.

पोर होती तिथेच थांबली.

"ओंजळ कर गो आई," ती समजुतीने म्हणाली. मग टाचा उंच करून, बोटाला बोट लागू न देता, तिने पातोळी वरून आईच्या हातांत सोडली.