उजवी कड

"ही उजवी कड उडवा," उत्सव समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि छापखान्याच्या टेबलावर पसरलेल्या फोटोवर त्यांनी नखाने रेघ ओढली.

गावाच्या वर्धापनदिनाची आठवण म्हणून घरटी एक वाटायचा फोटो होता तो. जुन्या पुलाच्या उद्घाटनाचा. छपाई कशी झकास झाली होती. पण समितीने पाकिटं मागवली ती बोटभर आखूड. फोटोत मधोमध खुर्च्यांवर बडी मंडळी. उजव्या कडेला घमेली घेतलेल्या चार-पाच बायका. त्यातल्या एकीच्या कडेवर मूल. मूल नेमकं हललं असावं; त्याच्यासकट तिचा चेहराही तेवढ्या जागी पुसट झाला होता.

कटिंग मशीनवरची बाई म्हणाली, "डावी कड उडवली तर?"

"तिकडे माझे आजोबा बसलेत!"

"आणि इकडे?"

"इकडे कोण असणार? कोणी नाही. मजूर."

मालकांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. कात्रणांच्या खोक्यात बसून कागद चघळणारी तिची लेक तेवढी खुदकन हसली.

घरी तिने हे सासूबाईंच्या कानावर घातलं. म्हातारी आता अध्यक्षांच्या सात पिढ्या उद्धरणार, असं तिला वाटलं. सासूबाई त्या पुलाहून वर्षभराने मोठ्या. त्यांची आई त्याच पुलावर राबली आणि पूल झाल्यावर फार जगली नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

पण शिव्या आल्याच नाहीत.

"कापलेली पट्टी तरी आण गं मला," सासूबाई म्हणाल्या. "कचऱ्यातली तर कचऱ्यातली."

या बाईने आजवर शेजारी चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाकिटं भरली, खोकी बांधली आणि पेंगुळलेल्या लेकीला खांद्यावर टाकून घर गाठलं.

"पट्टी?" सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"एकही नाही हो उरली."

"झाडून टाकलीस?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"उद्या ठेवणीतले कपडे घाला. समारंभाला पहिल्या रांगेत बसायचंय."

"माझ्या आईला केरात टाकणाऱ्यांकडे मी कशाला मरायला येऊ?"

म्हणाल्या, पण आल्या.

अध्यक्षांनी व्यासपीठावर पाकीट उघडलं आणि फोटो उंच धरला. जाड कागदाची घडी नीट दाबून बसवली नाही, तर ती मिटून राहत नाही. ही मुद्दामच दाबलेली नव्हती. मागे दुमडलेली कड अध्यक्षांच्या हातात फटकन उलगडली. मग सभागृहात ज्याच्या त्याच्या हातात उलगडत गेली. घमेली घेतलेल्या बायका रांगेरांगेतून बाहेर आल्या.

"कापायला सांगितलं होतं ना!" अध्यक्ष ओरडले.

ती लेकीला घेऊन उभी राहिली. "पाकिटात मावत नव्हत्या ना साहेब? मावल्या की!"

लोक हसले. मालक दातओठ खात म्हणाले, "उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. पण ती खाली बसली नाही.

"सगळे फोटो परत गोळा करा!" अध्यक्षांनी फर्मावलं.

एक कार्यकर्ता पहिल्या रांगेत आला आणि त्याने सासूबाईंपुढे हात केला. "आजी, द्या इकडे."

सासूबाईंचं बोट त्या पुसट जागेवर होतं. कडेवरच्या मुलावर.

"मावशी सांगायची, फोटोच्या वेळी मी स्वस्थ राहीना," त्या म्हणाल्या. "मी हलले, म्हणून माझ्या आईचं तोंड पुसलं गेलं." त्यांनी फोटो छातीशी धरला आणि खुर्चीत ऐसपैस मागे रेलल्या. "आता नाही हलत, जा."