काशीचं नाव

"जित्या मानसाचं नाव आभालात कशाला धाडायचं गो बाय?" हिराबाई फणकारली. "त्यापरीस मेलेल्यांची नावं घे."

झालं! टोकावड्याच्या शाळेत जमलेल्या सगळ्यांना ते लगेच पटलं. माधुरीबाईंनी कपाळाला हात लावला. साल २००६. पुढच्या वर्षी परदेशातलं एक यान फार जुन्या लघुग्रहांकडे जायचं होतं आणि ज्यांना हवं त्यांची नावं सोबत नेणार होतं. बाई गावात नवीन, हौस दांडगी. त्यांनी मुकाट वही उघडली आणि कुणाचा आजा, कुणाची सासू अशी नावं उतरवून घेतली.

शेवटी दामू उठला. "काशी लिवा. माझी पोरगी."

हिराबाई खिडकीबाहेर बघू लागली.

"अरेरे! किती वर्षं झाली हो काका?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"पाच. दहावं-तेरावं मीच केलं." दामूची मान वर होईना.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला बापाच्या जखमेची खपली काढली!

"तिथं मानसं ऱ्हातात का?" दामूनं विचारलं.

"नाही हो. नुसते दगड, पृथ्वीच्याही आधीचे. जाणारंसुद्धा यंत्रच."

"म्हंजे तिथं कोन जात नाय इचारनार."

"कोण विचारणार काका?"

"मंग नीट लिवा. लय वाईट वागलो तिच्याशी. आता लाज वाटते, बाई. रोज वाटते."

बाईंनी मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून सगळी नावं भरली आणि नाव यानातून जाणार असल्याचा प्रत्येकाचा दाखला छापून आणला. दामूनं धोतराला हात पुसून आपला कागद घेतला.

"तिच्या फोटोशेजारी लावा," बाई म्हणाल्या.

"फोटो मीच जाळला." एवढंच बोलून तो निघाला. बाईंना पुढं विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूनं एसटी पकडली. मुरबाडला बदलली, शहापूरला पुन्हा बदलली, दुपारी कसाऱ्याला उतरला. विचारत विचारत रेल्वेच्या चाळीत एका दारापाशी पोचला. दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा होता. ज्याचं नाव त्यानं पाच वर्षं घरात काढू दिलं नव्हतं, त्या नरेंद्रचं घर हेच, शेजारीण म्हणाली. परत फिरावं? कुठल्या तोंडानं उभं राहायचं इथं? त्यानं पिशवीतून दाखला काढला, हातानं सारखा केला आणि कडी वाजवली.

दार काशीनं उघडलं.