ताटामागे एक फोटो

“तोंडावरचा टॉवेल काढ आधी, मग ताट धर,” ईश्वरप्पा रांगेतल्या म्हाताऱ्यावर ओरडले.

सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर भर दुपारी रांग लागली होती. ताटामागे एक फोटो, हा ईश्वरप्पांच्या संस्थेचा नियम. ताट, घेणाऱ्याचं तोंड आणि मागचा फ्लेक्स, सगळं त्यात यायला हवं. फोटो दात्याला जायचे. दाता खूश, ईश्वरप्पा खूश. खिचडीत डाळ शोधावी लागते, हे फोटोत दिसत नाही.

आजचा दाता शिवराज, मूळचा माळशिरसचा, आता पुण्याचा. वडिलांचं पहिलं पुण्यस्मरण, म्हणून दोनशे ताटं. स्वतः यायला सवड नव्हती. फ्लेक्सवर फेट्यातले कै. महिपती आणि शेजारी हात जोडलेला शिवराज, बापापेक्षा थोडा मोठाच. बापाच्या गालावरची चामखीळ काढून टाका, बरी दिसत नाही, असं त्यानं बजावलं होतं. फ्लेक्सवाला विसरला.

“लाजतोय बघा नवरदेव! फुकटचं गिळायला लाज नाही, फोटोला लाज,” ईश्वरप्पा म्हणाले.

रांगेतले चारदोन जण हसले. त्यांच्या हातात ताट आलेलं होतं.

म्हातारा जागचा हलला नाही. “कालपास्नं पोटात काय न्हाय, मालक. फोटूबिगर द्या की.”

“देऊ या ना, काका,” फोटो काढणारी पूनम हळूच म्हणाली.

“अजिबात नाही. साहेब एकेक फोटो बघतात.”

“कोन सायेब?” म्हाताऱ्यानं विचारलं.

ईश्वरप्पांनी फ्लेक्सकडे बोट केलं. “शिवराज साहेब. मेलेल्या बापासाठी एवढं करतोय. तुमच्यासारख्यांच्या पोटी असली पोरं जन्मत नाहीत.”

म्हाताऱ्यानं मान वर करून फ्लेक्स पाहिला. बराच वेळ पाहिला.

“एकेक बघतो म्हंता?”

“एकेक. उरक आता.”

“मंग काढा.”

त्यानं टॉवेल सोडला, त्याच टॉवेलानं तोंड पुसलं आणि ताट घेऊन फ्लेक्सखाली ताठ उभा राहिला. पूनमनं मोबाईल उचलला. तिची नजर त्याच्या गालावर गेली, मग वर फेट्याकडे, आणि तिचा हात थांबला.

“काढ की, बाई,” म्हातारा म्हणाला. “आन् शिवाला कळीव, बाप सोता येऊन जेवला म्हनावं.”