स्वयंपाक्याच्या पेटीतल्या बांगड्या

सोनाराने सहावी बांगडी भिंगाखाली धरली, तशी मोत्याने नजर खिडकीकडे वळवली.

खरं तर ती चांगली तिशीतली बाई, शाळेत भूगोल शिकवणारी. पण वडिलांनी लाडाने ठेवलेलं, कुत्र्याला शोभेल असं नाव काही सुटलं नव्हतं. वडील जहाजावर स्वयंपाकी. आज संध्याकाळी शेवटची सफर संपवून ते कायमचे घरी यायचे होते. त्यांची खोली आवरताना पेटीच्या तळाशी या चांदीच्या बांगड्या निघाल्या. पाच मोठ्या, आणि प्रत्येकीवर वेगळंच नाव: मार्गारिटा, मार्गेरीत, मार्गिट, ग्रेटा, मार्गारेट. सहावी तान्ह्या मुलाच्या मनगटाची, झिजलेली. तिच्यावरची अक्षरं तिला वाचताही येईनात.

म्हणजे बायका तर होत्याच, वर एक मूलही! आईला आजच आपल्या घरी न्यायचं, बाबांचं तोंड बघायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"किती बायका असतील हो?" तिने विचारलं.

"पाच नक्कीच नाहीत." सोनार हसला. "बंदरावर दुकान आहे, ताई. परदेशी खलाशांसाठी नावं कोरण्यात हयात गेली. हे सगळं एकच नाव आहे. मूळ ग्रीक. या लहानीवरची अक्षरं ग्रीकच. तिथून निघालं आणि देश तसा वेश करत गेलं. ग्रेटामध्ये तर नुसतं शेपूट उरलंय त्याचं."

"आणि अर्थ?"

"मोती."

मोत्याने बांगड्या जवळ ओढून घेतल्या. जहाज जिथे जिथे लागलं, तिथल्या भाषेत बाबांनी तिचंच नाव कोरून घेतलं होतं! शेकडो वर्षं देशोदेशी हिंडलेलं नाव आपल्या दोन खोल्यांच्या घरात येऊन राहिलं, आणि आपण त्याला कुत्र्याचं म्हणून हसलो. तिला भर दुकानात रडू फुटलं.

ती धावतच आईकडे आली. आई शेंगा सोलत बसली होती. मोत्याने बांगड्यांची ओंजळ तिच्यापुढे धरली.

"बाबा पण ना! एवढ्या हौसेने केल्या, मग कधी दिल्या का नाहीत मला?"

आईचे हात थांबले. "दिल्या असत्या तर तू विचारलं असतंस, हेच नाव का म्हणून."

"मग सांगायचं की, आवडलं म्हणून ठेवलं."

"आम्ही कुठे ठेवलं? होतं तेच आपल्या भाषेत आणलं." आईने लहान बांगडी उचलून अंगठ्याने पुसली. "बाकीच्या त्यांनी केल्या, पोरी. ही मात्र, तू त्यांना परक्या बंदराच्या धक्क्यावर सापडलीस, तेव्हा तुझ्या हातात होती."